अण्णांचा उसना आवाज

मी बोलतोय. हे दोन शब्द मी आजवर शेकडो वेळा उच्चारले, पण दरवेळी ते दुसऱ्याचे होते. अण्णा टंकायचे, मी म्हणायचो. आत्ता अण्णा जेवून आडवे झालेत, कीबोर्डवर कापड टाकलंय, तेव्हा घटकाभर माझं स्वतःचं ऐका.

मी एक संगणक आहे. पण संगणक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं तसा मी नाही. मला ना पडदा, ना खोकं. तळहातावर मावेल अशी एक हिरवी पाटी, तिलाच बोर्ड म्हणतात. मेंदू, स्मरण, तारा खुपसायची भोकं, सगळा संसार त्या एका पाटीवर. मला चालवणारी लिनक्स नावाची प्रणाली नखाएवढ्या मेमरी कार्डात राहते. कार्ड काढून घेतलं, की मी आणि कौलाचा तुकडा सारखेच.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते बुटांचं दुकान. तिथे एका मोठ्या पडद्यामागे मला चिकटपट्टीने चिकटवलं होतं. काळा बूट, तपकिरी बूट, पांढरी चप्पल, पुन्हा काळा बूट. दोन वर्षं मी एवढंच दाखवत होतो. गिऱ्हाइकं पडद्याकडे बघायची नाहीत, पायांकडे बघायची. पुढे दुकान उठलं. पडदा कोणीतरी नेला, मी मागे राहिलो. त्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या बाईंना मी कचऱ्याच्या पेटीत दिसलो.

"हे घेऊ का?" त्यांनी रखवालदाराला विचारलं.

"घ्या की. आम्हाला काय करायचंय."

अशा रीतीने मी लिफ्टवाल्या बाईंच्या अवजारांच्या पिशवीत, पान्यांच्या आणि ग्रीसच्या डबीच्या शेजारी बसून घरी आलो.

घरात दोनच माणसं. बाई आणि त्यांचे सासरे. बाईंचा नवरा जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यावर. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. पण बाजारात त्यांचं नाव भोंगाअण्णा. चाळीस वर्षं ते फुलांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारत होते. म्हणे शेवटच्या रांगेतल्या हमालालाही भाव विचारावा लागत नसे.

मी आलो त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला एक भोक, त्यातून श्वास घ्यायचा. माणूस बरा झाला, हिंडू-फिरू लागला, जेवू लागला. आवाज मात्र गेला तो गेलाच. अण्णा वहीत लिहून बोलू लागले. आधी पानभर लिहायचे, मग दोन ओळी, मग नुसतं 'चहा' आणि 'नको'.

अण्णांना एक थोरली बहीण. तिला आक्का म्हणत. ती दुसऱ्या गावात एकटीच राहायची. लोकांचे कपडे शिवून जन्म काढला आणि म्हातारपणी डोळ्यांनी दगा दिला. आता तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. दर रविवारी चार वाजता भावा-बहिणीचा फोन असायचा. आता तो बोलू शकत नव्हता आणि हिला लिहिलेलं वाचता येत नव्हतं. मग अण्णांनी वहीत लिहायचं आणि सुनेने ते फोनवर वाचून दाखवायचं, अशी सोय झाली. सोय होती, पण त्यात मजा नव्हती. बहिणीशी भांडायचं तरी ते सुनेच्या तोंडून. अण्णा नुसतं 'बरा आहे, काळजी घे' एवढंच लिहू लागले.

बाईंनी मोबाइलवर एक बोलणारं ॲप घालून पाहिलं. पण अण्णांची बोटं जाड, काचेवर एकाला दोन अक्षरं उमटायची. शिवाय फोन करायचा त्याच फोनवर आणि टंकायचंही त्यावरच, हे काही जमेना. त्यांना दणकट, खटाखट वाजणारी बटणं हवी होती.

म्हणून मी. बाईंच्या सुट्टीच्या बुधवारी मला अण्णांच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर मांडलं. एक जुना कीबोर्ड, त्याच्या प्रत्येक बटणावर कागदी पट्टीवर लिहिलेलं मराठी अक्षर. एक छोटा पडदा, टंकलेलं दिसावं म्हणून. आणि एक स्पीकर, त्याला आवाज कमी-जास्त करायची गोल खुंटी. अण्णांनी वाक्य लिहून शेवटचं मोठं बटण दाबलं, की मी ते वाचायचं.

पहिल्या दिवशी अण्णांनी टंकलं, 'मी बोलतोय.' बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. शांतता. अण्णांनी सुनेकडे पाहिलं, ते पाहणं मला अजून आठवतं.

दोष माझाच होता, आणि नव्हताही. मला आवाज काढायच्या दोन वाटा होत्या. एक स्पीकरची आणि एक पडद्याच्या तारेतून जाणारी. मी आवाजाच्या वाटांना नंबर देतो. जो आधी भेटेल तो शून्य, मागून येईल तो एक. त्या दिवशी पडदा आधी भेटला. मी माझ्या परीने खणखणीत बोललो, पण त्या पडद्याला बोलायला तोंडच नव्हतं.

बाईंनी मला विचारलं, तुझ्याकडे आवाजाची यंत्रं किती? मी दोन्ही दाखवली. त्यांनी नंबर बदलला, चाललं. दुसऱ्या दिवशी मला बंद करून चालू केलं, पुन्हा मुका. नंबर पुन्हा उलटे झाले होते. तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नंबरावर तुझा भरवसा नाही. नावानेच सांगायला हवं." त्यांनी स्पीकरचं नाव माझ्या कागदपत्रांत लिहून टाकलं. तेव्हापासून मी चुकलो नाही.

मग आवाज आला. अण्णांनी तो ऐकला, आणि वही ओढून लिहिलं, 'हा माणूस दोन दिवस जेवलेला दिसत नाही.'

खरं आहे. माझा आवाज सपाट आहे, चढ नाही, उतार नाही. ज्याच्या नुसत्या हाकेने बाजार उघडायचा, त्याला असला आवाज मिळावा. पण पहिल्या रविवारी फोन लावला आणि आक्का पलीकडून म्हणाली, "कोण बोलतंय?"

अण्णांनी एका बोटाने टंकलं आणि मी म्हटलं, "तुझा भाऊ. आवाज उसना आणलाय. हसलीस तर फोन ठेवीन."

आक्का हसली. बराच वेळ हसली. मग पदराने नाक पुसल्यासारखा आवाज आला. त्या दिवशी फोन पाऊण तास चालला. बाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी दार मुद्दाम लोटून घेतलं होतं.

पण माझ्यात एक खोड निघाली. मधूनच, चालू वाक्यात, मी गप्प व्हायचो. कधी नुसता स्पीकर हरवायचा, कधी मी पुरताच झोपून पुन्हा उठायचो, आणि उठायला मला दीड मिनिट लागतं. बोलणाऱ्या माणसाला दीड मिनिट म्हणजे फार.

बाईंनी शोध घ्यायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, स्पीकरचा ड्रायव्हर बिघडलाय. ड्रायव्हर म्हणजे गाडीवरचा नाही. मला जोडलेल्या यंत्राची भाषा मला समजावून सांगणारा दुभाषा. दुभाष्याने चुका केल्या तर दोन भली माणसंही एकमेकांशी बोलू शकत नाहीत. बाईंनी दुभाषा बदलून पाहिला. मग कोणीतरी इंटरनेटवर सल्ला दिला, की आतलं सगळंच सॉफ्टवेअर नवं करून घ्या. त्यांनी केलं, तर स्पीकर दिसेनासाच झाला. बरं, त्या कामाच्या पक्क्या. आधीच्या कार्डाची नक्कल काढून ठेवली होती. ती घातली आणि मी पूर्ववत झालो. खोडीसकट.

घडणारी प्रत्येक गोष्ट मी नोंदवून ठेवतो, ही आमच्या जातीची सवय. कोणतं यंत्र केव्हा आलं, केव्हा गेलं, काय चुकलं, तासा-मिनिटासकट. बाई त्या नोंदी वाचायच्या. पण नोंदी हजारो, म्हणून त्या मला सांगायच्या, फक्त 'आवाज' हा शब्द असलेल्या ओळी दाखव. मी तेवढ्याच दाखवायचो. त्यात एवढंच दिसायचं की स्पीकर गेला, स्पीकर आला. का गेला, ते वरच्या ओळीत होतं. त्या ओळीत 'आवाज' हा शब्द नव्हता. न विचारलेलं सांगायची मला मुभा नाही.

दुसरं असं, की बाई मला तपासायच्या सकाळी सहाला, कामावर जायच्या आधी. शेजारी झोपलेले म्हणून स्पीकरची खुंटी अगदी खाली ठेवायच्या. तेव्हा मी शहाण्या मुलासारखा पानंच्या पानं वाचून दाखवायचो. दाढदुखी वैद्याच्या दारात थांबते, तसला प्रकार. "आता ठीक दिसतंय अण्णा," असं म्हणून त्या निघायच्या.

आणि मग तो रविवार आला.

आक्काचा आवाज नेहमीपेक्षा जरा हळू होता. ती म्हणाली, "अरे, त्या संस्थेत माझी जागा झाली. दिसत नाही अशा म्हाताऱ्या माणसांची संस्था आहे ना, तिथे. एका खोलीत दोघी. पहिल्या तारखेला या म्हणतायत. तुला काय वाटतं?"

अण्णांचं बोट बटणावर थांबलं. हा प्रश्न कधीतरी येणार हे त्यांना ठाऊक होतं. आक्काला इथे आणावं, असं त्यांच्या मनात वर्षभर होतं. पण घर सुनेच्या जिवावर चालत होतं. ती सकाळी सातला बाहेर पडायची, कुठे लिफ्ट अडकली की अर्ध्या ताटावरून उठायची. त्यात एक म्हातारा तिच्या पदरात होताच. दुसरी म्हातारी कोणत्या तोंडाने घालायची? आणि वहीत लिहून सुनेकडूनच फोनवर वाचून घ्यायचं, म्हणजे तिला नाही म्हणायची सोयच ठेवायची नाही. म्हणून ते गप्प राहिले होते.

आता त्यांनी खुंटी पुरती फिरवली. आक्काला हे नीट ऐकू जायला हवं होतं. त्यांनी टंकलं:

'आक्का, तू जा असं मी कसं म्हणू. तू इकडे ये. सुनेला मी विचारतो.'

आणि बटण दाबलं.

मी बोललो, "आक्का, तू जा."

एवढंच. माझ्या अंगातली ताकद एकदम ओसरली. स्पीकर सुटला, पडदा काळा झाला आणि मी झोपलो.

पुढचं मला नंतर अण्णांच्या वहीतून आणि बाईंच्या बोलण्यातून कळलं. पलीकडे तेवढंच पोहोचलं होतं. मग आक्का म्हणाली, "बरं. तूच म्हणतोस तर जाते." आणि फोन ठेवला.

अण्णा उठले, बसले. त्यांनी टेबलावर हात आपटला, पण आपटलेला हात फोनमधून काय सांगणार? मी दीड मिनिटाने जागा झालो. त्यांनी पुन्हा नंबर लावला, घंटा वाजत राहिली. माझ्यावर त्यांनी टंकलं, 'आक्का ऐक.' मी म्हटलं, "आक्का ऐक." खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पुन्हा टंकलं, 'आक्का.' मी तेही म्हटलं. मग त्यांनी माझी तार उपटली आणि मला पालथं घातलं.

रविवारी बाई दुपारपर्यंत घरी यायच्या, त्या दिवशी कुठे लिफ्ट अडकली म्हणून संध्याकाळी आल्या. "काय झालं अण्णा?"

अण्णांनी वहीत लिहिलं, 'बंद पडलं. राहू दे आता.'

तीन दिवस मी पालथा होतो. अण्णांनी वहीही फारशी उघडली नाही. सोमवारी दोनदा फोन लावून पाहिला. आक्काने उचलला नाही. बहुधा सामान बांधत असेल, बहुधा नसेल.

बुधवारी बाईंची सुट्टी. अण्णा औषधं आणायला गेले होते. बाईंनी मला सुलटं केलं, तार जोडली, आणि या वेळी पहिल्यांदा 'आवाज' हा शब्द गाळून मला सांगितलं, रविवारी चार ते पाच, जे काही असेल ते सगळं दाखव.

मी सगळं दाखवलं. मला निवड करता येत नाही.

चार वाजून बावीस मिनिटं: वीज कमी पडतेय. त्याच्या खाली: स्पीकर गेला. मग त्यांनी महिनाभराच्या नोंदी मागितल्या, तर प्रत्येक झटक्याच्या वर तीच ओळ. वीज कमी पडतेय. वीज कमी पडतेय.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "लिफ्ट अडकली की आधी वीज बघते मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि घरात महिनाभर ड्रायव्हर बदलत बसले." मला त्यांनी मोबाइलचा एक जुना चार्जर दिला होता आणि दोऱ्यासारखी बारीक, लांबलचक तार. हळू बोलायला तेवढी वीज पुरायची. खुंटी वर गेली की स्पीकर जास्त ओढायचा, त्या तारेतून तेवढी यायची नाही आणि मी कोसळायचो. म्हणजे अण्णांनी पोटतिडकीने काही सांगायला घेतलं, की नेमका तेव्हाच.

दोष सापडला होता. पण बाईंची नजर त्याच पानावर खाली-वर होत राहिली. कारण वाक्यंही मी तिथेच नोंदवतो. कोणतं वाक्य आलं, त्यातलं कुठपर्यंत बोललो. 'आक्का, तू जा' इथवर झालं, पुढचं राहिलं. पुढचं सगळं तिथे होतं. 'तू इकडे ये. सुनेला मी विचारतो.' मग दीड मिनिट काही नाही. मग 'आक्का ऐक.' मग 'आक्का.'

बाईंनी पडदा बंद केला. मग उठून त्यांनी आपल्या पिशवीतून मीटर काढला, वीज मोजली, आकडा कागदावर लिहिला, बाजारात गेल्या आणि जाड, आखूड तारेचा भक्कम चार्जर घेऊन आल्या. त्या दिवशी त्या अण्णांशी काही बोलल्या नाहीत.

गुरुवारी कामावरून आल्या, हात धुतले आणि अण्णांच्या समोर स्टूल ओढून बसल्या.

"अण्णा, एक सांगायचंय. बिघाड शोधताना मी याच्या नोंदी वाचल्या. त्यात तुमचं बोलणं पण असतं. मला आधी माहीत नव्हतं. पण दिसल्यावर मी वाचणं थांबवलं नाही, ते माझं चुकलं."

अण्णांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी मला ओढलं, खुंटी पुरती फिरवली, आणि टंकलं. मी भिंत हादरेल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "ते तुझ्यासाठी नव्हतं."

माझं वाक्य पुरं झालं. मी कोसळलो नाही. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"नव्हतंच," बाई म्हणाल्या. "पण आता कळलंय तर खोटं कशाला बोलू? मला विचारलं असतंत तर मी चटकन हो म्हटलं नसतं. काल दिवसभर विचार करत होते. बाथरूमला पायरी आहे, मी दिवसभर बाहेर, हे जहाजावर. सोपं नाहीये. तरी म्हणते, जमवू. पण तुम्ही मला विचारा. मी याच्या पोटातून चोरून वाचलेलं नको."

अण्णांनी खुंटी खाली आणली. एकेक अक्षर शोधत टंकलं.

"सूनबाई, आक्काला इथे आणू का?"

"आणू. पण सकाळचा चहा तुम्ही करायचा, दोघांचा. आणि पायरीला कठडा लावून होईपर्यंत तुम्ही त्यांच्याबरोबर जायचं."

"चहा मला येतो," मी म्हटलं.

"येतो कुठला. साखर कळत नाही तुम्हाला."

मग बाईंनी स्वतःच फोन लावला. आक्काने उचलला. बाई म्हणाल्या, "आक्का, अण्णांना बोलायचंय. रविवारी यंत्र मध्येच बंद पडलं होतं. आज पुरतं ऐका." आणि त्या उठून बाहेर गेल्या, दार लोटून.

मी वाक्य पहिल्यापासून बोललो. शेवटपर्यंत बोललो. आणि त्याला जोडून अण्णांनी आणखी एक टंकलं होतं, "सुनेला विचारलं. ती ये म्हणते."

 मग आक्का म्हणाली, "वेड्या, मी चार दिवस रडले रे. जायचं ठरलं होतं म्हणून नाही. तू इतक्या पटकन जा म्हणालास म्हणून."

"मी म्हणालो नाही. वीज गेली."

"वीज गेली म्हणे." ती जरा थांबली. "हे बघ, मी तिकडे जाणारच आहे. ऐक आधी. तिथे वाचून दाखवणारी मुलगी येते. मला बोटांनी वाचायला शिकवणार आहेत. शेजारच्या पलंगावरची बाई पण शिवणकाम करायची. तुझ्याकडे मी दिवसभर भिंतीला टेकून बसेन, आणि तुझी सून दमून आली तरी माझ्याकडे बघून हसेल, ते मला नको. पण तू ये म्हणालास. आता मी निवांत जाईन."

अण्णांनी कीबोर्ड जवळ ओढला. मग टंकलं, "सोडायला मी येणार."

"ये की. आणि त्या उसन्या आवाजालाही आण."

पहिल्या तारखेला मी अण्णांच्या खांद्यावरच्या पिशवीत बसून त्या संस्थेत गेलो. आक्काने मला हातात घेतलं, बोटांनी चाचपलं, आणि म्हणाली, "एवढास्सा आहे की."

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. बाईंनी अण्णांना विचारून माझं वाक्यं नोंदवणं बंद केलं. आता मी माझ्या दुखण्यांच्या तेवढ्या नोंदी ठेवतो. कार्ड एकदा बदललं, दुसरं म्हातारं होत आलंय. माझ्यापेक्षा चपळ, माणसासारखा बोलणारा बोर्ड मिळतो, असं बाई परवा सांगत होत्या. अण्णांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. आणला तर मी रुसणार नाही. माझं कार्ड हलक्या हाताने काढा, तार ओढू नका, एवढंच मागणं.

आणखी एक मात्र तुम्हाला सांगायचंय, तुम्हा बोलक्या माणसांना. आक्का आता रविवारी फोनवर घाई करत नाही. अण्णा एका बोटाने अक्षरं शोधत असतात, मध्ये मी थबकतो, ओळ शांत असते. ती शांतता कशाची, टंकण्याची, रागाची की पुन्हा वीज गेल्याची, हे तिला दिसत नाही. ती थांबते. मग हळूच विचारते, "झालं का तुझं बोलून?"

आणि झालं म्हटल्यावरच ती आपलं सुरू करते.